‘लवकर वरचा गिअर टाका’ हा सल्ला अर्धाच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेट्रोलचा भाव वाढला किंवा सुट्यांचा हंगाम आला, की वर्तमानपत्रांतून इंधनबचतीचे सल्ले छापून येतात. त्यांत एक वाक्य हमखास असते : लवकरात लवकर वरचा गिअर टाका, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) कमी ठेवा, ॲव्हरेज वाढेल आणि इंजिनही टिकेल. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवलेल्या गाडीसाठी हे खरे आहे. पण हेच वाक्य डोक्यात ठेवून लोक यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढू पाहतात. गाडी कुथते, स्टिअरिंग थरथरते, ॲक्सिलरेटर तळाला टेकतो, तरी वेग वाढत नाही. काटा दोन हजारांच्या पुढे जाऊ दिला नाही, म्हणून चालक मात्र समाधानी असतो. इंजिनाला खरा मार अशाच वेळी बसतो. म्हणून या सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग लिहीत आहोत. आपल्या वाचकांत घाटाखाली राहणारे आणि घाटातून रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत.

इंजिन किती वेगाने फिरते, यापेक्षा त्या वेगाला त्याच्याकडून किती जोर मागितला जातो, हे आधी पाहावे लागते. ढोबळ हिशेब असा. चार माणसे बसलेली, १.२ लिटरची बिनटर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नसलेली) पेट्रोल गाडी ताशी ४५ ने घाट चढते आहे आणि त्यासाठी १५ किलोवॉट, म्हणजे सुमारे २० अश्वशक्ती लागते आहे. या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन १५०० च्या आसपास फिरते, तिसऱ्यात २१००, दुसऱ्यात ३०००. तेवढीच शक्ती काढायला चौथ्यात ९५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, तिसऱ्यात ६८, दुसऱ्यात ४८. या इंजिनाचा कमाल टॉर्क ११० च्या आसपास असतो आणि तो मिळतो चार हजारांच्या पुढे. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिन त्या वेगाला असलेला जवळजवळ सगळा जोर लावून थांबलेले असते. दुसऱ्यात तेच इंजिन निम्म्याहून कमी जोरात तोच घाट चढते. आवाज वाढतो, तो फेऱ्यांचा. पिस्टनवरचा, त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनवरचा आणि बेअरिंगवरचा भार निम्मा झालेला असतो.

कमी फेऱ्यांवर हा भार का बाधतो, ते बेअरिंगमध्ये दिसते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगची शेल यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. पंप ऑइल तिथपर्यंत पोचवतो, पण शाफ्टला उचलून धरणारा थर तयार होतो तो शाफ्टच्या फिरण्याने. फिरणारा शाफ्ट ऑइलला स्वतःखाली ओढून घेतो. फेरे कमी आणि भार जास्त असला की हा थर पातळ होतो आणि एका मर्यादेनंतर धातूला धातू घासू लागतो. पंपही क्रँकशाफ्टवरच चालत असल्यामुळे कमी फेऱ्यांवर ऑइलचा दाबही उतरलेला असतो. एका दिवसात काही होत नाही. लाखभर किलोमीटरनंतर गाडी गरम असताना आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा दिवा लुकलुकतो किंवा खालून ठक-ठक ऐकू येते, तेव्हा शेलवरचा मुलामा गेलेला असतो.

दुसरा त्रास नॉकिंगचा. फेरे कमी असले की सिलिंडरमधले न जळलेले मिश्रण उष्णतेत आणि दाबात जास्त वेळ राहते आणि ज्योत पोचण्याआधीच त्याचा भडका उडतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर तो ओळखून ठिणगी उशिरा देतो, त्यामुळे आवाज दबतो, पण पिकअप आणखी पडते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. चालक पाय आणखी दाबतो. हल्ली या आवाजाचे खापर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलवर फोडले जाते. ई-२० चा ऑक्टेन किमान ९५ ठेवावा लागतो, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या बाबतीत ते जुन्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलपेक्षा सरस आहे. घाटात आवाज आला तर आधी गिअर बदलून पाहावा.

छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत, विशेषतः पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या एक ते दीड लिटरच्या इंजिनांत, याहून वाईट प्रकार घडू शकतो. १२०० ते २००० फेऱ्यांच्या दरम्यान पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तर रिंगजवळ साचलेला ऑइल-पेट्रोलचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीआधीच पेट घेतो. त्या वेळी येणारा दाब साध्या नॉकिंगच्या कितीतरी पट असतो आणि एका फटक्यात पिस्टनची रिंग बसण्याची कड तुटू शकते. यासाठीच ऑइलच्या मानकांत एपीआय एसपी ही श्रेणी २०२० मध्ये आली. टर्बो पेट्रोल गाडीत डब्यावर ‘एसपी’ किंवा त्यानंतरची श्रेणी लिहिलेली पाहूनच ऑइल घ्यावे. जुने, स्वस्त, ‘एसएम’ लिहिलेले ऑइल ग्रेड जुळतो म्हणून ओतू नये.

डिझेलमध्ये कुथवण्याचा फटका ड्युअल मास फ्लायव्हीललाही (इंजिन आणि क्लच यांच्यामधले दोन भागांचे जड चाक) बसतो. त्याच्या आत धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असतात. १२००-१३०० फेऱ्यांवर पूर्ण जोर मागितला की प्रत्येक ज्वलनाचा धक्का या स्प्रिंगांवर पुरता आदळतो. पुढे गाडी बंद करताना खडखडाट येऊ लागतो आणि क्लचच्या कामात फ्लायव्हीलचाही खर्च येतो.

मग काटा कुठे ठेवायचा? चढावर, गाडी भरलेली असताना, बिनटर्बो पेट्रोलला २५०० ते ३५००, टर्बो पेट्रोलला २००० ते ३०००, डिझेलला १८०० ते २५००. सपाटीवर स्थिर वेगात १५०० सुद्धा चालतात, पाय हलका असेल तर. आरपीएम मीटर नसलेल्या गाडीत पाय हेच मीटर. ॲक्सिलरेटर दोन तृतीयांश दाबूनही तीन-चार सेकंदांत वेग वाढत नसेल, तर गिअर उतरवायची वेळ झाली आहे. गिअर चढ सुरू होण्याआधी उतरवावा. वेग पडून गाडी धापा टाकू लागल्यावर घाईत उतरवला तर हाफ क्लच होतो आणि क्लच प्लेट जळते. डॅशबोर्डवरचा वरच्या गिअरचा बाण हा इंधनबचतीसाठी दिलेला सल्ला आहे, पुढे वळणानंतर काय आहे हे त्याला दिसत नाही.

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः बदलते अशा, गाड्यांच्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. चढावर वळण आले की पाय सुटतो, यंत्रणा वरचा गिअर टाकते, वळणातून बाहेर पडताना गाडी कुथते आणि मग पुन्हा गिअर उतरतो. घाटाच्या पायथ्याशीच दांडा मॅन्युअलकडे घेऊन दुसरा किंवा तिसरा धरून ठेवावा. सीव्हीटी, म्हणजे पायऱ्यांचे गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीत, दांड्यावरचा एस किंवा एल वापरावा.

उन्हाळ्यात खालच्या गिअरचा आणखी एक फायदा मिळतो. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप बेल्टवर चालतो, म्हणून फेरे वाढले की कुलंटही (इंजिन थंड ठेवणारे पाणी) जास्त फिरते. कसारा किंवा खंबाटकी एसी लावून वरच्या गिअरमध्ये चढताना तापमानाचा काटा वर जातो, यात नवल नाही. काटा चढलाच तर एसी बंद करावा, हिटर आणि ब्लोअर पूर्ण सुरू करावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन काही वेळ आयडलवर ठेवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. काटा लालमध्ये पोचला असेल किंवा कुलंट सांडले असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे.

याचा अर्थ इंजिन सदैव ओरडत ठेवावे असा नाही. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात वर आणि खाली दोनदा थांबतो आणि पुन्हा धावतो. त्याला थोपवायला कनेक्टिंग रॉडवर जो ताण येतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३००० चे ६००० झाले की ताण चौपट. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ६००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर असतो. इंजिन पूर्ण तापलेले असेल आणि ऑइल योग्य पातळीवर असेल, तर ओव्हरटेकसाठी काही सेकंद ४५०० ते ५००० पर्यंत नेल्याने पेट्रोल इंजिनाला काही होत नाही, ते त्याच बेताने बनवलेले असते. आरपीएम मीटरच्या लालपट्टीवर नेले तर रेव्ह लिमिटर इंधन तोडतो. पण लिमिटरचा उपयोग ॲक्सिलरेटरपुरताच आहे. ताशी १०० ला पाचव्यातून चौथा घेताना चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकेच इंजिनाला लालपट्टीच्या पार नेतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो आणि हेड उघडावे लागते. अशी चूक कळताच क्लच पुन्हा दाबावा.

थंड इंजिनाची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर बिडाच्या लायनरपेक्षा सुमारे दुप्पट फुगतो, म्हणून थंड असताना त्यांच्यात फट जास्त असते आणि पिस्टन बाजूवर आपटतो. ऑइलही घट्ट असते. जानेवारीत महाबळेश्वरला सकाळी गाडी सुरू करून तिथल्या तिथे रेस करणारे दिसतात. दहा-दहा मिनिटे आयडलवर ठेवणारेही दिसतात. दोन्ही टाळावे. सुरू केल्यावर २०-३० सेकंद थांबून हलक्या पायाने निघावे आणि पहिले चार-पाच किलोमीटर पेट्रोल गाडी २५०० च्या, डिझेल २००० च्या आत ठेवावी. कुलंटचा निळा दिवा गेला म्हणजे ऑइल तापले, असे नाही. त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो.

रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर ऑइल कधी पुरते तापतच नाही. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल दिले जाते. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते, ज्वलनातली वाफही तिथेच थिजते. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट-पिवळट साय दिसते ती याचीच. ती दिसली की हेड गॅस्केट गेली असे सांगून घाबरवले जाते. आधी कुलंटची पातळी पाहावी. ती स्थिर असेल आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या हायवे फेरीनंतर साय नाहीशी होत असेल, तर ते फक्त पाणी आहे. आठवड्यातून एकदा अशी फेरी झालीच पाहिजे. स्पार्क प्लगच्या टोकावरची काजळी साधारण ४५० ते ५०० अंशांच्या पुढेच जळते आणि शहरातल्या आयडलवर तेवढे तापमान येत नाही.

यातून ऑइल बदलण्याच्या अंतराचा प्रश्न निघतो. तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगले जाणकार मालकही चुकतात. ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण इंजिन किलोमीटर मोजत नाही. ताशी ८० च्या सरासरीने हायवेवर १० हजार किलोमीटर व्हायला १२५ तास लागतात. पुण्याच्या गर्दीत सरासरी ताशी २० धरली, तर तेवढ्याच किलोमीटरना इंजिन ५०० तास चालते. ऑइल चौपट वेळ काम करते, तेही आयडल, थांबणे आणि पुन्हा निघणे यांत. वाहनाच्या पुस्तिकेत ‘खडतर वापर’ या शीर्षकाखाली छोट्या फेऱ्या, गर्दी, धूळ आणि घाट यांसाठी कमी अंतर दिलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक शहरी गाड्या त्याच शीर्षकाखाली येतात. अशा गाडीचे ऑइल आणि फिल्टर पाच-सहा हजारांवर किंवा सहा महिन्यांनी बदलावेत. ट्रिप मीटरमध्ये सरासरी वेग दिसत असेल तर तो पाहावा. २५ च्या खाली असेल, तर १० हजारांची वाट पाहू नये.

डिझेल गाड्यांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि त्याबरोबर डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी आली. ही जाळी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी एक्झॉस्ट ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. इंजिन थोडे जास्तीचे डिझेल सोडून ते तापमान आणते. त्या वेळी आयडल किंचित वाढलेला असतो, तात्पुरते ॲव्हरेज पडते, गाडी थांबवली तरी पंखा जोरात चालू राहतो. नेमक्या या वेळी गाडी बंद केली, की साफसफाई अर्धवट राहते आणि ते जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. असे वारंवार झाले की ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढते. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल ताबडतोब बदलावे. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातात. डीपीएफचा दिवा लागल्यावर हायवेवर २० मिनिटे ताशी ६० च्या वर, एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० फेऱ्यांवर चालवावे. दिवा विझतो. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनचा दिवाही लागला असेल, तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून साफ करून घ्यावे. ऑइल कमी राखेचेच हवे, पुस्तिकेत बहुधा एसीईए सी२ किंवा सी३ असे लिहिलेले असते. काजळी जळून जाते, साध्या ऑइलची राख जाळीत कायमची बसते. ज्यांचे रोजचे जाणे पाच-सात किलोमीटरचे आहे, त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टर्बोबद्दल थोडक्यात. टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनाचेच ऑइल मिळते. समृद्धी महामार्गावर तासभर ताशी १२० ने येऊन, किंवा घाट चढून कासच्या पार्किंगमध्ये शिरताच किल्ली फिरवली, की ऑइल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये जळून कोळसा होते. शेवटचा एक-दोन किलोमीटर हळू चालवावा, किंवा थांबल्यावर मिनिटभर आयडल द्यावा.

सीएनजीवर टॉर्क पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी मिळतो, म्हणून पेट्रोलवर चालणारा गिअर सीएनजीवर चढाला पुरत नाही. एक गिअर खाली हा सरळ नियम. नॉकिंगचा आवाज मात्र सीएनजीवर येत नाही, कारण त्याचा ऑक्टेन फार जास्त आहे. त्यामुळे इंजिन कुथते आहे हे कानाला कळत नाही. सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या सीट जास्त झिजतात. सतत तीन हजारांच्या पुढे पूर्ण जोराने हायवे मारणाऱ्यांनी टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यामधली) फट पुस्तिकेतल्या अंतराने तपासून घ्यावी आणि स्पार्क प्लग वेळेआधी बदलावेत. थंड इंजिन सुरू करताना डोकेदुखी, सकाळी ओढ कमी, अशा तक्रारींत बंद होत चाललेली फट हे एक कारण असते.

शेवटी उतार. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकून गाडी सोडण्याची सवय ट्रकपुरती राहिलेली नाही. पुण्यात नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल या उतारावरील अपघातांनंतर या सवयीची बरीच चर्चा झाली. त्यात इंधन वाचत नाही, हे मात्र लोकांपर्यंत पोचलेले नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजेक्टर इंधन सोडणेच थांबवतात. चाके इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतः फिरत राहायला तासाला अर्धा ते एक लिटर लागते. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा. काटा ३००० ते ३५०० दाखवेल, आवाज येईल, पण ज्वलनाचा भार नसल्यामुळे आणि ऑइल भरपूर फिरत असल्यामुळे इंजिनाला त्याचा त्रास नाही. इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचे आहे. ब्रेक बूस्टरमधला निर्वात दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच टिकतो, नंतर पेडल दगडासारखे होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३१ प्रशिक्षण शाळांना अभ्यासक्रम ठरवून देतो आणि त्यात वाहनाच्या यंत्ररचनेची ओळखही आहे. प्रत्यक्षात शिकाऊ चालक सपाट रस्त्यावर दुसरा-तिसरा गिअर टाकायला शिकतो आणि परवाना घेऊन थेट घाटात जातो. या शाळा चालवणाऱ्यांना आणि परिवहन खात्याला आमची विनंती आहे की, निदान घाटालगतच्या तालुक्यांत एक धडा चढावर घ्यावा. रहदारी नसलेल्या वेळी एकच चढ ताशी ४० ने आधी चौथ्या, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या गिअरमध्ये चढवावा. प्रत्येक वेळी आरपीएमचा काटा आणि ॲक्सिलरेटर किती दाबला गेला, हे शिकणाऱ्याला स्वतः मोठ्याने सांगायला लावावे. परतताना तोच उतार दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्य तितका कमी हात लावून उतरवावा. यवतेश्वरच्या पहिल्या दोन-तीन वळणांत हे अर्ध्या तासात होते.

कळावे,
आपले,
मोटार मेकॅनिक व्यवसायाचे दोन शिल्प निदेशक, सातारा